तोफेपाशी उभी केलेली मुलगी

आमच्या घरात भित्रेपणावर एकच औषध होतं, तोफ. हसू नका. माझे पणजोबा राजवाड्याच्या पागेत चाबूकस्वार होते. नवी, बुजरी घोडी शिकवून मिरवणुकीत चालण्याजोगी करायची, हे त्यांचं काम. घोडं तोफेच्या आवाजाला बुजलं तर त्याला मागे न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी चार पावलं पुढे उभं करायचं, तिसऱ्या दिवशी आणखी चार. याला आमच्याकडे 'बुज मोडणं' म्हणतात. पणजोबा गेले, पागेतली नोकरी आजोबांबरोबर संपली, पण ही रीत घरात राहिली आणि घोड्यांवरून पोरांवर आली. पोर अंधाराला भ्यालं की अंधारात बसव. पाण्याला भ्यालं की ढकल. आवाजाला भ्यालं की दसऱ्याआधी तोफांची तालीम असते, तिथे नेऊन उभं कर.

म्हैसूरबाहेरच्यांसाठी सांगते. दसऱ्याच्या मिरवणुकीआधी तोफांची सलामी असते. त्या वेळी हत्ती-घोडे बिथरू नयेत म्हणून आधी काही दिवस त्यांना मैदानात ओळीने उभं करून खरोखर तोफा डागतात. पहिल्या दिवशी नवा हत्ती कान फडफडवतो, मागे सरतो, माहूत त्याच्या मानेवर हात फिरवत काहीबाही बोलत राहतो. शेवटच्या दिवशी तोच हत्ती धूर अंगावर घेऊन हलतसुद्धा नाही. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हे पाहत आलेय, आणि आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही पाहताना तिथून पाय निघत नाही. एवढं मोठं जनावर, एवढं मोठं भय, आणि तरी उभं आहे!

तर माझी मुलगी आवाजाला भ्यायची. कुकरच्या शिट्टीला नाही, ती येणार हे ठाऊक असतं. पण हातातून पातेलं निसटून फरशीवर पडलं, शेजारच्या पोरांनी दारात लक्ष्मीबार लावला, पहाटे नवऱ्याचा फोन खणाणला, की ही पांढरीफटक. नऊ वर्षांची असताना एकदा फोनच्या आवाजाने अंथरुणातून उठली आणि उठल्या जागी कोसळली. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून म्हणाली, "काय झालं?" नवरा घाबरला. तो मूळचा सांगलीचा, बँकेच्या बदलीने इथे आलेला आणि माझ्याशी लग्न करून इथलाच झालेला. म्हणाला, "डॉक्टरला दाखवू या."

"तुमच्याकडे शिंक आली तरी डॉक्टर," मी म्हटलं. "घोडं तोफेशी उभं राहतं, मग हिला काय धाड भरलीय? बुज आहे, मोडेल."

आणि मी तिला तालमीला नेलं. पहिल्या वर्षी लांब, झाडाखाली. दोन्ही कानांत बोटं घालून उभी राहिली, काही झालं नाही. मी तिला मसाला लावलेल्या काकडीच्या फोडी घेऊन दिल्या. दुसऱ्या वर्षी कठड्याच्या बऱ्याच जवळ नेलं, बोटं घालू दिली नाहीत. पहिल्याच तोफेला खाली बसली. तिसऱ्या वर्षी आणखी चार पावलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तोफ उडाली आणि ती बसली नाही, वाकली नाही, उभीच्या उभी पडली. डोकं एका बाईच्या पायावर आपटलं म्हणून वाचलं. हातपाय किंचित थरथरले. बाया गोळा झाल्या, कुणी पाणी मारलं. ती शुद्धीवर आली तेव्हा मी लोकांना म्हटलं, "ऊन लागलंय, सकाळपासून काही खाल्लं नाही." आणि घरी आल्यावर तिला म्हटलं, "चारचौघांत शोभा केलीस माझी." हे वाक्य मी बोलले आहे. ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दोन वर्षं नेलं नाही, कारण दोन्ही वर्षी कामातून सुट्टी मिळाली नाही. मी नंजनगूडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. रोज सकाळी बसने जाते, दिवसभर मालातली खोट शोधते. माझ्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही म्हणून तिथे माझा दरारा आहे. असो.

ती पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी तिच्या शाळेची मुलं बन्नीमंटपाच्या मैदानावर, दसऱ्याच्या मशालींच्या संचलनाआधी जो नाच बसवतात, त्यासाठी निवडली गेली, त्यात हीही होती. रोज दोन-दोन तास उन्हात सराव. शाळेच्या बाईंनी मोठं डोकं चालवलं. नाचणाऱ्या सगळ्या मुलांची आधी हृदयतपासणी करून घ्यायची ठरवलं. तरुण मुलांच्या हृदयावर काम करणारे काही डॉक्टर शाळेत येऊन मोफत ईसीजी काढणार होते. घरी एक फॉर्म आला. मी म्हटलं, झालं! आता पोरांनाही सोडत नाहीत. पंधराव्या वर्षी कसलं आलंय हृदय? ते आमच्या वयात बिघडायचं.

"आई, सुम्ने सही कर ना," मुलगी म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीच, काही विचार न करता. आमच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, नवरा त्याला अजून हसतो.

फॉर्मवर दोन प्रश्न होते. मुलाला कधी अचानक शुद्ध हरपली आहे का? आणि घरात, रक्ताच्या नात्यात, तरुण वयात कुणाचा अचानक मृत्यू झाला आहे का?

दोन्हीपुढे मी 'नाही' लिहिलं.

पहिलं खोटं का लिहिलं ते सरळ आहे. भिणं हा काही आजार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. शिवाय मुलीची जात. चक्कर येते असं एकदा कागदावर आलं की उद्या लग्नाच्या वेळी कोण कुठून काय काढील! दुसऱ्या प्रश्नाचं मात्र सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, परीक्षा चालू होती. मी तेव्हा नोकरीच्या ट्रेनिंगला हुबळीला होते. तार नाही, पत्र नाही, शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा त्याला मार्कांवरून फाडफाड बोलले होते. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं म्हणाले होते. सकाळी तो अंथरुणात मेलेला. न्हाणीघरात ढेकणांच्या औषधाची बाटली होती. बस. घरच्या डॉक्टरांनी दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असं लिहून दिलं, आणि घरातल्या प्रत्येकाने मनात ओळखलं की देवमाणसाने आमची अब्रू झाकली. त्यावर आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नाही. त्याने जीव दिला, असं आम्ही सगळे मानत होतो. म्हणून मी 'नाही' लिहिलं. फॉर्म आजारपणाचं विचारत होता, आमच्या घरातली गोष्ट वेगळी होती.

तपासणीच्या दिवशी मी कारखान्यात होते. दुपारी फोन आला. डॉक्टरीणबाई, आवाजावरून तिशीतली, कन्नडमध्ये बोलत होती. "अम्मा, तुमच्या मुलीचा ईसीजी आम्ही तीनदा काढला. तुम्ही आज येऊ शकाल का?"

"तीनदा का? मशीन बिघडलंय का?" मी म्हटलं. तिथेही माझा स्वभाव!

"मशीन ठीक आहे, अम्मा," ती म्हणाली. "तोवर तिला नाचायला सोडत नाहीये. माझ्याजवळ बसलीय."

परतीची बस कशी पकडली ते आठवत नाही. कुणीतरी उठून मला जागा दिली एवढं आठवतं, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा तो कागद नीट पाहिला. फिकट गुलाबी, बारीक चौकोनांचा, त्यावर काळी रेघ. मला आलेख वाचायची सवय आहे, मी आयुष्यभर तेच करते. म्हटलं, दाखवा. तिने पेनाचं टोक ठेवलं. "हा उंच टोकदार भाग म्हणजे ठोका. ठोका पडला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला सावरून घेतं. ही पुढची बुटकी टेकडी म्हणजे ते सावरणं. तुमच्या मुलीचं हृदय सावरायला थोडा जास्त वेळ घेतं. किती? हे दोन-तीन बारीक चौकोन." तिने मोजून दाखवले. दोन-तीन चौकोन! साखरेचा दाणा ठेवला तर झाकले जातील एवढे. "एरवी काही होत नाही. पण नेमकं त्या वेळात ती जोरात दचकली तर ताल बिघडू शकतो. बिघडलेला ताल आपोआप सुधारला तर माणूस अर्ध्या मिनिटात उठून बसतं. नाही सुधारला तर—" तिने कागदावरून पेन उचललं. मग विचारलं, "अचानक आवाजाने ही कधी पडलीय का?"

मी पर्सची चेन उघडझाप करत बसले. मी, जी कारखान्यात मॅनेजरलाही गप्प करते.

मुलगीच बोलली. "तोफेला पडले होते. आई नेते ना दसऱ्याआधी. भीती जावी म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार, आणि खायला हवं होतं. ती उठली, पाण्याचा ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, अम्मा," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर सोसली असती. या शब्दांनी मी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले.

तिने मला रडू दिलं. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी अजून माझ्या मनातून जात नाही. हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्यानंतर सावरतं. म्हणजे माझी मुलगी जन्मल्यापासून रोज लाखभर वेळा त्या अरुंद जागेतून जात होती, आणि रोज लाखभर वेळा पार होत होती. झोपेत, शाळेत, सायकलवर, माझ्याशी भांडताना. आणि तीन वेळा मी तिला नेऊन त्या जागेवर तोफ डागली होती. तरी ती उठून बसली होती. मी देवळात फार जाणारी बाई नाही, पण त्या दिवशी मुलीच्या गळ्याजवळची ती शीर उडताना पाहिली आणि मनात हात जोडले गेले. कुणाला जोडले ते ठाऊक नाही. त्या शिरेलाच बहुतेक.

गोळ्या सुरू झाल्या. घरातली दारावरची घंटी काढली. नवऱ्याने सगळे फोन मुके केले, गजर बंद. सकाळी तिला मी हाताने उठवते, पायाच्या तळव्याला हळूच हात लावून. कुठली औषधं तिला चुकूनही द्यायची नाहीत त्याची यादी फ्रीजवर चिकटवली. नाच गेला. त्यावर ती दोन दिवस रुसली, मग मैत्रिणींचे कपडे इस्त्री करून देऊ लागली. पोरं आपल्यापेक्षा लवकर सावरतात.

मग आम्हा दोघा नवरा-बायकोचाही ईसीजी काढला, कारण हे बहुधा घराण्यातून येतं. नवऱ्याचा स्वच्छ. तो लगेच कॉलर ताठ करून, "सांगलीचं हृदय आहे!" असं म्हणाला. माझ्या कागदावर डॉक्टरीणबाई थांबली. चौकोन मोजले. परत मोजले.

माझ्याही रेघेत तीच टेकडी होती. मुलीइतकी लांब नाही, पण होती.

विश्वास बसतो का? मी जिने जन्मात तोफेपुढे पापणी लववली नाही, जी त्यावर एवढी मिजास करत आली, तीच मी. मुलीला आलेलं मीच दिलेलं. "मग मला कधीच काही का झालं नाही?" मी विचारलं.

"हेच तर आम्ही शोधतोय," ती म्हणाली. "एकाच घरात एक माणूस सत्तर वर्षं ठणठणीत आणि दुसरं तरुणपणी जातं. का, ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही." त्यांचं त्यावर संशोधन चालू होतं. आमच्यासारख्या घरांतल्या लोकांचं रक्त घ्यायचं, पिढ्यांचा तक्ता काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. तिने एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या घरात तरुण कुणी गेलंय का, ते नीट आठवून सांगा. नुसत्या गोळ्या पुरतील की तिच्या छातीत यंत्र बसवायचा विचार करावा लागेल, हे ठरवताना आम्हाला तेही लागतं."

मी चौकोन-वर्तुळं काढली. भावाचा चौकोन काढला, त्यावर रेघ मारली. पुढे लिहिलं, अपघात.

मुलगी बाजूला बसून पाहत होती.

पुढच्या महिन्यात शाळेने आणखी वर्गांची तपासणी ठरवली. पालक फॉर्मवर सह्या करेनात. जशी मी करत नव्हते तसेच. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, पालकांच्या सभेत बोलाल का? मी बोलले. कागदावर लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. उभी राहिले आणि धडाधडा सगळं सांगितलं. बुज, घोडी, काकडीच्या फोडी, चारचौघांतली शोभा. कन्नडमध्ये, मध्येच मराठीत, कुणाला काय कळलं देव जाणे. "लाज बाळगायची तर माझी बाळगा," मी म्हटलं. "मी माझ्या पोरीला तोफेपुढे उभी केली. तुम्ही निदान पाच मिनिटं खाटेवर झोपवा." मग एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, "मॅडम, तुमच्या घरात याआधी कुणी गेलं होतं का असं?"

"नाही," मी म्हटलं.

टाळ्या वाजल्या. लोक येऊन भेटले, बऱ्याच जणांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मी फुलून गेले होते. कुवेंपुनगरला घरी परतताना मुलगी स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"आई, मामाचं का नाही सांगितलंस?"

"मामाचं वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पण लपवलेली गोष्ट पोरांना आधी कळते. ती म्हणाली, "अज्जी फोटो पुसताना रडते, मला ठाऊक आहे. पण डॉक्टर सारखं तेच विचारतायत ना? माझ्यासाठीच विचारतायत ना?" अज्जी म्हणजे माझी आई. शब्द कन्नड, पण आमच्या पोरांच्या तोंडी तोच.

हिरवा दिवा लागला, मागचे रिक्षावाले भोंगे मारू लागले आणि मी तिचा हात माझ्या पोटाशी घट्ट दाबून धरला. भोंगे! मला स्कूटर पुढे काढायचंही भान राहिलं नाही. ती मात्र शांत होती. "चल, मी ठीक आहे," म्हणाली.

आईला आम्ही यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. शहात्तर वर्षांची बाई, जुन्या अग्रहार पेठेतल्या घरात एकटी राहते, कुणाकडे राहायला यायला तयार नाही. एकदा आमच्याकडे आली आणि घंटी कुठे गेली म्हणून विचारलं तेव्हा बिघडली म्हणून सांगितलं. आता मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि नातीच्या छातीत काय आहे ते सांगितलं. ती अय्यो म्हणाली नाही, रडली नाही. "मी काय करू ते सांग," म्हणाली. "डॉक्टरांना भावाचं सांगायला लागेल, आई," मी म्हटलं. तिने पदराने त्याचा फोटो पुसला. मग उठून चांगलं लुगडं नेसली.

आम्ही तिघी दवाखान्यात गेलो, आधी आईचा ईसीजी झाला. स्वच्छ. म्हणजे हे माझ्याकडे बाबांकडून आलं होतं. चाबूकस्वाराच्या नातवाकडून. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. भाऊ गेल्यापासून त्यांनी घरात आवाज म्हणून चढवला नाही. तालमीला जाणं सोडलं, सणाला गोड खाणं सोडलं. मी मुलीला तोफेपाशी नेते हे कळल्यावर फक्त म्हणाले होते, "नको नेऊस गं." मला वाटलं म्हातारा हळवा झालाय.

डॉक्टरीणबाई आईच्या जवळ खुर्ची ओढून बसली. "अज्जी, त्या दिवशीचं जसं आठवतं तसं सांगा. घाई नाही."

आणि सव्वीस वर्षांनी माझी आई बोलली. कन्नडमध्ये, जसं बाजारहाटाचं सांगावं तसं. "आदल्या संध्याकाळी हे बोलले त्याला. तो जेवला मात्र. दोनदा भात घेतला. मला म्हणाला, आई, पहाटे चारला उठायचंय, गजर लावून दे. मीच किल्ली दिली, उशाशी ठेवलं. चारला वाजू लागला. वाजतोय, वाजतोय, हा काही बंद करेना. मला राग आला. म्हटलं, स्वतःच सांगायचं आणि झोपा काढायच्या. उठून गेले. हात घड्याळाकडे होता त्याचा. अंग गरम होतं. मी हलवलं." तिने पदर सारखा केला. "मग ती बाटली दिसली न्हाणीघरात. अर्धी होती की पाऊण होती, कुणाला आठवत होतं? कुणी यायच्या आत मी मोरीत ओतून दिली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, तोंडाचा वास घेतला, आणि लिहून दिलं हृदय म्हणून. फार मोठा माणूस. ते होते तोवर दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवला."

"तोंडाला वास होता का, अज्जी? उलटी? फेस?"

"नाही. काही नाही. झोपलेला होता नुसता."

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुढे ओढला. भावाच्या चौकोनापुढचं माझं 'अपघात' तिने एका रेघेने खोडलं. "इतक्या वर्षांनी शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या मुलीचा कागद माझ्यापुढे आहे, नातीचा आहे, आणि तुम्ही जे सांगितलंत ते आहे. मला वाटतं, अज्जी, त्या डॉक्टरांनी काही झाकलं नव्हतं. त्यांना दिसलं तेच लिहिलं. तुमच्या मुलाचं हृदयच थांबलं."

सव्वीस वर्षं खरा दाखला आमच्या कपाटात होता आणि आम्ही त्याला उपकार समजून बसलो होतो!

मग डॉक्टरीणबाई नातीचं बोलली. गोळ्या वाढवायच्या, दर तीन महिन्यांनी तपासायचं, गोळ्या चालू असताना ही एकदाही पडली तर यंत्र बसवायचं, न पडली तर नको. मी सगळं लिहून घेतलं. आई मात्र तिथेच अडकली होती.

"म्हणजे त्याने काही घेतलं नव्हतं?"

"नाही वाटत, अज्जी."

"आमच्यावर रागावून नाही गेला तो?"

"नाही. त्याला सकाळी उठायचं होतं."

आईने पदर तोंडाला लावला. सव्वीस वर्षांत जिने त्याचं नाव घेतलं नव्हतं तिने पदराआडून त्याला घरच्या नावाने हाक मारली, एकदाच, जशी जेवायला बोलावताना मारायची. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "हे यांना कोण सांगणार आता? माझ्या बोलण्याने पोरगा गेला असं धरून गेले ते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला. काहीतरी आठवल्यासारखी ती थांबली, आणि डॉक्टरीणबाईंना नाही, मला नाही, शेजारी बसलेल्या नातीला विचारलं, मराठीत, हळूच, "आणि तो गजर गं? गजराने काही होतं का असं?"

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही, तरी 'गजर' हा शब्द तिला कळला असावा. तिने मान खाली घातली. मी तोंड उघडलं. मी खरं बोलून टाकणारी बाई, आयुष्यभर तोच तोरा. आणि माझी मुलगी, जिच्या घरात दोन-तीन महिने एक घंटी वाजलेली नाही, जिला त्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, ती अज्जीकडे वळून हसली.

"छे गं अज्जी. गजराने काय होतंय? आवाजाने कुणी मरतं का?"

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्याच्याने हे झालं नसतं. मी माझ्या पोरीकडे बघतच राहिले. आईने तिचा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.